हेल्प-ऑथरिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अपग्रेडआधी वापरून बघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी आवृत्ती आली की हेल्प फाइल्स, ऑनलाइन मॅन्युअल आणि नॉलेज बेस लिहिणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर, हेल्प अँड मॅन्युअल, हेल्पएनडॉक यांपैकी काहीही वापरत असाल तरी बहुतेक उत्तरं लागू पडतील. सगळं ओळीने वाचायची गरज नाही. पण ट्रायल आधीच इन्स्टॉल करून बसला असाल, तर प्रोजेक्ट उघडायच्या आत प्रश्न ५ आणि ६ वाचा.

१. ट्रायल घेऊन बघायची खरंच गरज आहे का? रिलीज नोट्स वाचून कळत नाही का?

रिलीज नोट्समधून सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं ते कळतं, तुमच्या प्रोजेक्टचं काय होणार ते कळत नाही. पाच-सात वर्षं चाललेल्या कुठल्याही हेल्प प्रोजेक्टमध्ये बरंच काही साचलेलं असतं. कुणीतरी हाताने बदललेली स्किन (हेल्पचं बाह्य रूप) असते, वर्डमधून चिकटवलेली तक्ते असतात आणि हात लावायची कुणाची हिंमत होत नाही अशी एक स्टाइलशीट (अक्षरं, रंग, मांडणी ठरवणारी फाइल) असते. कंपनीने ज्या प्रोजेक्टवर चाचणी केली त्यात यातलं काही नव्हतं.

कधीकधी आकडा पुढे सरकतो पण आत सगळंच नवं असतं. रोबोहेल्पची २०१९ ची आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. प्रोजेक्ट फाइलचा प्रकारच बदलला, आणि अडोबीने त्या वेळी जुनं रूप 'क्लासिक' नावाने सोबत दिलं. अशा बदलात नुसती नोट वाचून निर्णय घेणं म्हणजे नशिबावर हवाला. उलट, किरकोळ दुरुस्त्यांच्या पॅचसाठी एवढा सोहळा करायची गरज नाही. तिथे बॅकअप पुरतो.

२. ट्रायल आणि बीटा यांत फरक काय? कंपनीने बीटाचं आमंत्रण पाठवलंय.

ट्रायल म्हणजे विक्रीला आलेलीच आवृत्ती, फक्त मुदतीची. बीटा म्हणजे अजून घडत असलेली. बीटामध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट अंतिम आवृत्तीत उघडेलच याची हमी नसते, कारण फाइलचा साचा, म्हणजे ती आत लिहिली जाते ती पद्धत, मध्येच बदलू शकते. शिवाय बहुतेक बीटा गोपनीयतेच्या अटीवर मिळतात, म्हणजे तिथले स्क्रीनशॉट कुठेही टाकता येत नाहीत. तुमचं एखादं जुनं दुखणं कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायचं असेल तर बीटात जरूर जा, त्याच काळात ऐकून घेतात. अपग्रेडचा निर्णय मात्र बीटावरून घेऊ नका.

३. नवी आवृत्ती इन्स्टॉल केली तर जुनी बिघडेल का?

बहुतेक साधनांच्या मोठ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी राहतात. फ्लेअरच्या तर सर्रास ठेवल्या जातात. इन्स्टॉलरने 'आधीची आवृत्ती काढून टाकू का' असं विचारलं तर नाही म्हणा. तसं विचारलंच नाही आणि काढणार असल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर प्रश्न ४ कडे वळा.

प्रोग्राम वेगळे राहिले तरी काही गोष्टी सामाईक असतात. वर्डमधली अ‍ॅड-इन, डॉक्युमेंट्स फोल्डरमधली टेम्प्लेट, शब्दकोश आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फाइल असोसिएशन. ट्रायल टाकल्यानंतर प्रोजेक्ट फाइलवर डबल क्लिक केलं की ती नव्या आवृत्तीत उघडते. सवयीने केलेली ही एक डबल क्लिक चालू प्रोजेक्टला नव्या साच्यात ढकलू शकते. त्यामुळे इन्स्टॉल झाल्या झाल्या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फाइल प्रकार पुन्हा जुन्या आवृत्तीला जोडून द्या, आणि ट्रायल चालू असेपर्यंत आधी प्रोग्राम उघडून मगच त्यातून प्रोजेक्ट उघडायची शिस्त ठेवा.

४. वेगळा संगणक नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये करू का? विंडोज सँडबॉक्स चालेल का?

व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) उत्तम. हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, काहीही चालेल. ट्रायल टाकण्याआधी एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची साठवलेली अवस्था) घ्या. आत वर्डही लागेल हे विसरू नका. वर्ड किंवा त्यातून पीडीएफ काढणाऱ्या साधनांना ते त्याच मशीनवर हवं असतं, आणि काहींच्या बाबतीत ३२ बिट की ६४ बिट हेही जुळावं लागतं.

विंडोज सँडबॉक्स, म्हणजे खिडकीत चालणारं तात्पुरतं विंडोज, २०१९ पासून विंडोज १० च्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत मिळतो, होममध्ये नाही. पण खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणजे दर वेळी नव्याने इन्स्टॉल आणि नव्याने नोंदणी. मेन्यू कुठे गेले, खिडकी कशी दिसते एवढं अर्धा तास बघायला ठीक. खऱ्या चाचणीला तो निरुपयोगी.

५. प्रोजेक्ट उघडताना 'अपग्रेड करायचा का?' असं विचारतं. हो म्हटलं तर परत येता येतं का?

बहुतेक वेळा नाही. या पानावरची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं धोक्याचं नसतं, त्यात प्रोजेक्ट उघडणं धोक्याचं असतं. सॉफ्टवेअर काढून टाकता येतं, पण नव्या साच्यात सेव्ह झालेला प्रोजेक्ट जुनी आवृत्ती एकतर उघडतच नाही, किंवा उघडते आणि न कळणारे भाग गुपचूप गाळते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो महिन्याने लक्षात येतो.

म्हणून ट्रायलमध्ये उघडायची ती फक्त कॉपी. कॉपी म्हणजे नुसती प्रोजेक्ट फाइल नव्हे, पूर्ण फोल्डर. आणि प्रोजेक्ट बाहेरच्या चित्रांवर, सामाईक स्निपेटवर (अनेक पानांत वापरलेला मजकुराचा तुकडा) किंवा स्टाइलशीटवर अवलंबून असेल तर तेही. कॉपी वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. आउटपुट (वाचकांना मिळणारी तयार हेल्प) बनत असताना सिंक मध्ये पडलं की फाइल कुलूपबंद होते आणि दोष नव्या आवृत्तीच्या माथी येतो. मार्गही आखूड ठेवा. विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून बऱ्याच साधनांना आडवी येते, आणि 'नवीन ट्रायल कॉपी अंतिम' अशा नावाच्या फोल्डरात फोल्डर टाकले की ती सहज ओलांडली जाते.

गिट (फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याच फोल्डरात नवी ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) काढण्यापेक्षा वेगळ्या जागी नवा क्लोन (पूर्ण प्रत) घ्या. गिटने दुर्लक्षित केलेल्या फाइल्स, म्हणजे वापरकर्त्याची सेटिंग, खिडक्यांची मांडणी, जुनं आउटपुट, ब्रँच बदलली तरी तिथेच राहतात आणि दोन आवृत्त्या त्यांवरून भांडतात.

अपग्रेडच्या खिडकीत 'बॅकअप ठेवा' अशी चौकट असते. तिच्यावर खूण राहू द्या, पण भरवसा तुमच्या स्वतःच्या कॉपीवर ठेवा.

६. कॉपीवर काम करतोय. आता तर निर्धास्त ना?

अजून नाही. कॉपीला माहीत नसतं की ती कॉपी आहे. मूळ प्रोजेक्टमध्ये प्रकाशनाचा पत्ता, सर्व्हरचं नाव आणि कदाचित पासवर्डही साठवलेला असतो, आणि तो जसाच्या तसा कॉपीत येतो. 'जनरेट' आणि 'पब्लिश' ही बटणं नव्या आवृत्तीत जागा बदलून बसलेली असली की एका चुकीच्या क्लिकमध्ये ट्रायलचं वॉटरमार्क असलेलं आउटपुट थेट ग्राहकांसमोर जातं.

कॉपी पहिल्यांदा उघडताना इंटरनेट बंद ठेवणं हा सोपा उपाय, मात्र ट्रायलची नोंदणी आधी उरकून घ्या. मग प्रकाशनाचे सगळे पत्ते काढा किंवा एखाद्या रिकाम्या स्थानिक फोल्डरकडे वळवा. सोर्स कंट्रोलची, म्हणजे गिटसारख्या साधनाची, जोडणी तोडा. बाहेरच्या वर्ड किंवा फ्रेममेकर फाइल्स जोडलेल्या असतील तर त्यांचे मार्ग मूळ जागा दाखवतात की कॉपी, ते बघा. फ्लेअरमध्ये सामाईक ग्लोबल प्रोजेक्टमधून फाइल्स आयात होत असतील तर तो ग्लोबल प्रोजेक्टही कॉपी करून जोडणी तिकडे न्या.

७. चाचणीला कुठला प्रोजेक्ट घ्यावा?

सगळ्यात अवघड. सोबत आलेला नमुना प्रोजेक्ट फक्त मेन्यू ओळखीचे व्हायला. छोटा, स्वच्छ प्रोजेक्ट तर कुठल्याही आवृत्तीत चालतोच.

अवघड म्हणजे मोठाच असं नाही. कंडिशनल टॅगच्या (कुठला मजकूर कुठल्या आउटपुटमध्ये यावा ते ठरवणारी खूण) आत कंडिशनल टॅग, स्निपेटच्या आत स्निपेट, व्हेरिएबल (एका जागी बदललं की सगळीकडे बदलणारा शब्द) घातलेली शीर्षकं, विलीन केलेल्या रकान्यांची तक्ते, दोन-तीन भाषा, एकाच स्रोतातून निघणारी चार आउटपुटं. यातलं जास्तीत जास्त ज्याच्यात आहे तो घ्या. विनहेल्पच्या (विंडोजचा जुना हेल्प प्रकार) काळात जन्मलेला आणि मग एकेक आवृत्ती पार करत आलेला प्रोजेक्ट असेल तर सोनंच. विंडोज व्हिस्टापासून विनहेल्पचा दर्शक विंडोजसोबत येणं बंद झालं, त्या सुमारास असंख्य प्रोजेक्ट घाईघाईने एचटीएमएलमध्ये आणले गेले. त्यांच्या पोटात अजून फॉन्ट टॅग, ओळीतल्या स्टाइल आणि कशालाच न जोडलेले अँकर (लिंकने पोहोचायची पानातली खूण) सापडतात. नवी आवृत्ती अडखळली तर तिथेच अडखळेल.

८. मुदत संपत आली तरी निम्मंच बघून झालंय. वेळ कसा पुरवायचा?

बहुतेक ट्रायल ३० दिवसांच्या असतात आणि घड्याळ पहिल्यांदा प्रोग्राम सुरू करता तेव्हापासून चालू होतं. लोक ईमेल आला की उत्साहाने इन्स्टॉल करतात आणि मग रिलीजच्या धावपळीत तीन आठवडे त्याकडे बघत नाहीत. तयारी आधी करा. कॉपी, तुलनेसाठीचं जुनं आउटपुट (प्रश्न ९), पत्ते वळवण्याची यादी, हे सगळं हाताशी असेल तेव्हाच ट्रायल सुरू करा.

सुरुवातीचे दिवस उघडणं, आउटपुट काढणं, तुलना करणं यात घालवा. उरलेले दिवस रोजचं काम त्यात करून बघा, म्हणजे विषय लिहिणं, चित्र बदलणं, शोधून-बदलणं, रिव्ह्यूला पाठवणं. नवी आवृत्ती आउटपुटमध्ये पास होऊनही रोजच्या वापरात डोकं खाणारी निघू शकते. टायपिंगला मागे पडणारा एडिटर कुठल्याच रिलीज नोटमध्ये लिहिलेला नसतो. मुदत कमी पडली तर विक्री विभागाला लिहा. खरोखर चाचणी चालली आहे असं दिसलं की मुदत वाढवून मिळण्याची शक्यता चांगली असते. पळवाटांबद्दल प्रश्न १९ बघा.

९. जुनं आणि नवं आउटपुट ताडून कसं बघायचं? हजारो पानं आहेत.

डोळ्यांनी नाही. आधी जुन्या आवृत्तीतून त्याच कॉपीचं, त्याच दिवशीचं आउटपुट काढून बाजूला ठेवा. मागच्या रिलीजचं सर्व्हरवरचं आउटपुट तुलनेला घेऊ नका, कारण मधल्या काळात मजकूर बदललेला असतो आणि कुठला फरक कुणामुळे ते कळेनासं होतं.

मग ढोबळ आकड्यांपासून सुरुवात करा. एकूण पानं किती, चित्रं किती, अनुक्रमणिकेत नोंदी किती, सूचीत शब्द किती, बिल्ड लॉगमध्ये (आउटपुट बनतानाच्या नोंदीत) इशारे किती. चित्रं चारशे होती आणि आता तीनशे साठ आहेत, तर पानं वाचत बसायचं कारण नाही, आधी ती चाळीस शोधा. लॉगमधले इशारे वाढले म्हणजे वाईटच असंही नाही. नवी आवृत्ती पूर्वी न पकडलेल्या चुका पकडत असेल.

पुढची पायरी मजकुराची. विनमर्ज किंवा बियाँड कंपेअर या फाइल्स ताडणाऱ्या साधनांमध्ये दोन्ही फोल्डर टाकले तर पहिल्यांदा जवळजवळ प्रत्येक फाइल लाल दिसेल. घाबरू नका. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आवृत्तीचं नाव, वेळ, आपोआप दिलेले आयडी असतात. ते फिल्टरने वगळा. तरी गोंगाट राहिला तर दोन्हींतले टॅग काढून निव्वळ मजकूर ताडा. एखादा परिच्छेद गायब झाला असेल किंवा दुप्पट झाला असेल तर तो इथे सापडतो. तुटलेल्या लिंक शोधायला झेनूज लिंक स्लूथ किंवा लिंकचेकर दोन्ही आउटपुटवर चालवा आणि दोन याद्यांमधला फरक घ्या.

कंडिशनल टॅगची तपासणी मात्र वेगळी करा, कारण तिथली चूक सर्वांत महाग. एका ग्राहकासाठीचा मजकूर दुसऱ्याच्या हेल्पमध्ये दिसला तर ती नुसती छपाईची चूक राहत नाही. प्रत्येक आउटपुटमध्ये जे शब्द कधीच यायला नकोत, म्हणजे दुसऱ्या उत्पादनांची नावं, अंतर्गत टिपांचे ठरावीक शब्द, त्यांची यादी करा आणि संपूर्ण फोल्डरभर शोधा. शून्य सापडायला हवेत.

दिसण्याची तपासणी शेवटी: निवडक विचित्र पानं, मोठ्या पडद्यावर, फोनवर आणि पीडीएफमध्ये. पीडीएफमध्ये पान कुठे तुटतं आणि तक्त्याचं शीर्षक पुढच्या पानावर परत येतं का, एवढं तरी बघाच. आणि माऊस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने मेन्यू, शोध, अनुक्रमणिका वापरता येते का तेही. नव्या स्किन दिसायला देखण्या असतात, टॅब कीला मात्र कधीकधी भीक घालत नाहीत.

१०. ट्रायलच्या आउटपुटमध्ये मधलेच शब्द विस्कटलेले आहेत. सॉफ्टवेअर खराब आहे का?

नाही, ती ट्रायलची खूण. काही साधनं पानावर वॉटरमार्क टाकतात, काही मधल्या शब्दांची अक्षरं मुद्दाम उलटीपालटी करतात. रचना, लिंक आणि मोजणीची तुलना तरीही होते, मजकुराची होत नाही. मजकूर ताडायचाच असेल तर कंपनीकडे पूर्ण चालणारी तात्पुरती की मागा. आणि असं आउटपुट सहकाऱ्यांना दाखवताना आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रूफरीडिंगच्या शेरेबाजीत तुमचा दिवस जाईल.

११. काहीही न बदलता नुसतं सेव्ह केलं, तरी गिटमध्ये शेकडो फाइल्स बदललेल्या दिसतात. का?

नव्या एडिटरने फाइल आपल्या पद्धतीने पुन्हा मांडली. ओळी वेगळ्या ठिकाणी तोडल्या, अ‍ॅट्रिब्यूटचा क्रम बदलला, ओळ संपवायची खूण बदलली, यूटीएफ-८ च्या सुरुवातीला बीओएम (फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) घातला किंवा काढला. व्हाइटस्पेस (रिकाम्या जागा) वगळून डिफ, म्हणजे फरक, बघा. बहुतेक गर्दी नाहीशी होईल.

जे उरेल ते मात्र काळजीपूर्वक वाचा. न तुटणारी स्पेस साध्या स्पेसमध्ये बदलली का? रिकामे दिसणारे अँकर 'साफसफाई'त उडाले का? बाहेरून कुणीतरी त्याच अँकरला लिंक केलेली असते. प्रत्यक्ष अपग्रेडच्या दिवशी ही सगळी पुनर्मांडणी एका स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधली एक नोंद) करा, त्यात मजकुराचा एकही बदल मिसळू नका. नाहीतर पुढे 'ही ओळ कुणी बदलली' याचं उत्तर कायम 'अपग्रेडने' असंच येत राहील.

१२. एफ-वन दाबल्यावर योग्य पान उघडतं का, हे कसं तपासू?

खऱ्या अ‍ॅप्लिकेशनमधून. हेल्प प्रोजेक्टमध्ये सगळं बरोबर दिसूनही इथे घोळ होतो, कारण आकडे प्रोग्रामरच्या कोडमध्ये पक्के बसलेले असतात. अपग्रेडमध्ये मॅप आयडीचे (डायलॉगला हेल्पच्या पानाशी जोडणारे) आकडे नव्याने दिले गेले तर प्रत्येक डायलॉग चुकीचं पान उघडेल, आणि एकही एरर येणार नाही.

आधी जुन्या आणि नव्या कॉपीतल्या मॅप फाइल्स ताडा. आकडे तेच हवेत. सीएचएम (विंडोजची एकाच फाइलमधली हेल्प) असेल तर कमांड प्रॉम्प्टवरून एचएच प्रोग्रामला मॅपआयडी देऊन थोडे आकडे उघडून बघता येतात. वेब आउटपुट असेल तर पत्त्याची घडणच बदलली आहे का ते बघा. फ्रेम असलेल्या जुन्या वेबहेल्पकडून फ्रेम नसलेल्या नव्या आउटपुटकडे जाताना हॅशच्या पुढचा भाग बदलू शकतो. तसं असेल तर डेव्हलपरना आत्ताच सांगा, कारण तो बदल त्यांच्या रिलीजच्या वेळापत्रकात बसवावा लागतो, आणि ग्राहकांकडे असलेल्या जुन्या बिल्डसाठी रिडायरेक्ट लागतात.

१३. नव्या आवृत्तीत बनवलेली सीएचएम उघडली तर डावीकडे अनुक्रमणिका दिसते, उजवीकडे पान कोरं.

दोष बहुधा नव्या आवृत्तीचा नाही. २००५ मधल्या सुरक्षा अपडेटपासून विंडोज नेटवर्क ड्राइव्हवरची सीएचएम अशीच कोरी दाखवतं. फाइल स्थानिक डिस्कवर आणा. ती ईमेलने किंवा डाउनलोडने आली असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा. व्हर्च्युअल मशीनमधून शेअर्ड फोल्डरवर आउटपुट काढलं की हे हटकून होतं.

एक जादाची माहिती: सीएचएम कुठल्याही साधनाने 'बनवली' तरी शेवटी सहसा मायक्रोसॉफ्टचा १९९७ पासूनचा कंपायलरच चालतो. त्यामुळे सीएचएमच्या जुन्या मर्यादा नव्या आवृत्तीत सुटतील अशी आशा ठेवू नका.

१४. मजकूर देवनागरीत आहे. वेगळं काही बघावं लागेल का?

हो, आणि कंपनीच्या चाचणीत हे बहुधा झालेलं नसतं.

शोध आधी बघा. वेब आउटपुटमधला शोध जावास्क्रिप्टवर चालतो, आणि 'शब्द' म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच धरणारा कोड अजून सर्रास सापडतो. त्याला देवनागरीतलं एकही अक्षर शब्दाचा भाग वाटत नाही. 'किंमत', 'विद्यार्थी', 'सूची' असे मात्रा आणि जोडाक्षरांचे शब्द टाका; मग शब्दाचा अर्धाच भाग टाकून काय येतं तेही बघा. त्याहून चिवट प्रकरण 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' यांसारख्या शब्दांचं. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने, दुसरा साध्या र ला हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते वेगळे. जुन्या आवृत्तीचा शोध दोन्ही एकच मानत असेल आणि नवीचा नसेल, तर निम्मी पानं शोधातून गळतील. एखाद्या साफसफाईच्या सुविधेने ते अदृश्य चिन्ह काढून टाकलं, तर शब्दच 'दुसर्या' असा, य वर रफार चढलेला, चुकीचा दिसेल.

सूचीचा वर्णक्रम बघा, विशेषतः क्ष, ज्ञ आणि अनुस्वाराचे शब्द. पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. पानावर सुरेख दिसणारा मजकूर आत विस्कटलेला असू शकतो, आणि मग पीडीएफमध्ये शोध चालत नाही. सीएचएमच्या अनुक्रमणिकेत देवनागरी धड येत नाही, कारण ती विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (एकेका लिपीचा अक्षर-तक्ता) चालते आणि मराठी-हिंदीला तसं कोडपेजच नाही. ते जुन्या आवृत्तीतही येत नव्हतं, म्हणून नवीला नापास करू नका.

१५. टीममध्ये काही जण जुन्या आवृत्तीवर, काही नव्यावर, असं चालेल का?

एकाच प्रोजेक्टवर नाही. कारण प्रश्न ५ मध्ये आहे. सगळे एकाच दिवशी. बाहेरचे फ्रीलान्सर धरून.

१६. मजकूर भाषांतराला जातो. एजन्सीचा खर्च वाढेल का?

वाढू शकतो, आणि हा खर्च कुणी आधी मोजत नाही. ट्रान्सलेशन मेमरी (आधीची भाषांतरं साठवून पुन्हा वापरणारी सोय) वाक्यांसोबत त्यातले टॅगही लक्षात ठेवते. नव्या आवृत्तीने ठळक शब्दाभोवतीचा टॅग बदलला, व्हेरिएबल वेगळ्या पद्धतीने लिहिलं किंवा वाक्य दोन भागांत तोडलं, तर कालपर्यंत शंभर टक्के जुळणारं वाक्य आज 'अंशतः जुळणारं' ठरतं आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. मजकुरात एक अक्षरही बदललेलं नसताना.

अपग्रेड केलेल्या कॉपीतल्या शे-दोनशे फाइल्स एजन्सीला द्या आणि फक्त विश्लेषणाचा अहवाल मागा, भाषांतर नको. ट्राडॉस, मेमोक्यू, ओमेगाटी या भाषांतराच्या सगळ्या साधनांत ते होतं. जुन्या फाइल्सच्या अहवालाशी ताडलं की आकडा समोर येतो. फरक मोठा असेल तर अपग्रेड भाषांतराच्या मोठ्या फेरीआधी करायचा की नंतर, हा प्रश्न आपोआप सुटतो.

१७. आउटपुट रात्री बिल्ड सर्व्हरवर आपोआप बनतं. ट्रायल तिथे चालेल का?

सर्व्हरवर टाकायच्या आधी आपल्या मशीनवर कमांड लाइनने चालवून बघा. फ्लेअरसाठी मॅडबिल्ड आहे, इतर साधनांच्याही अशा सोयी असतात, पण आवृत्ती बदलली की प्रोग्रामचं नाव, मार्ग किंवा पॅरामीटर बदलतात आणि जुनी स्क्रिप्ट गप्प बसते. बिल्ड फसल्यावर एक्झिट कोड (काम झालं की नाही ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे झालं) शून्येतरच येतो ना, हे मुद्दाम एक लिंक तोडून किंवा फाइल काढून तपासा. नाहीतर 'यशस्वी' असं हिरवं चिन्ह दाखवत रिकामं फोल्डर प्रकाशित होत राहील.

परवान्याचं वेगळं. सॉफ्टवेअरची नोंदणी बरेचदा विंडोजच्या वापरकर्त्याशी बांधलेली असते आणि बिल्ड ज्या सर्व्हिस अकाउंटखाली चालतो त्याला ती दिसत नाही. कधी ट्रायलची 'इतके दिवस उरले' ही खिडकी कुणी न बघणाऱ्या पडद्यावर उघडून बिल्ड अडकून पडतो. सर्व्हरवर चालवायला स्वतंत्र परवाना लागतो का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

१८. नव्या आवृत्तीत एआयच्या सुविधा आहेत. ट्रायलमध्ये चालू ठेवू का?

मजकूर कुठे जातो ते कळेपर्यंत बंद ठेवा. हेल्प लिहिणाऱ्याच्या हातात बाजारात न आलेल्या उत्पादनाची माहिती असते, आणि अशा सुविधा बहुधा मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. तुमच्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला विचारा. त्या बघायच्याच असतील तर आधीच प्रसिद्ध झालेलं मॅन्युअल वापरा.

१९. मुदत संपल्यावर स्नॅपशॉट मागे नेला किंवा घड्याळ मागे केलं तर?

ट्रायलच्या अटींचा भंग होतो. शिवाय बरीच साधनं सर्व्हरवर तारीख नोंदवतात, त्यामुळे चालतही नाही. रीतसर मुदतवाढ मागणं एका ईमेलचं काम आहे.

२०. ट्रायलमध्ये केलेलं काम पुढे वापरता येतं का?

विकत घेतलं तर तीच कॉपी पुढे चालवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असतं. तरी मी ते सुचवणार नाही. महिनाभरात मूळ प्रोजेक्ट पुढे गेलेला असतो आणि कॉपीत तुम्ही केलेले प्रयोग, तोडलेल्या जोडण्या, वळवलेले पत्ते असतात. ट्रायलमध्ये ज्या दुरुस्त्या कराव्या लागल्या त्यांची क्रमवार यादी ठेवा आणि निर्णयाच्या दिवशी ताज्या मूळ प्रोजेक्टवर त्या पुन्हा करा. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागतो.

न घेतलं तर सुटे विषय एचटीएमएल किंवा एक्सएमएल म्हणून जुन्याकडे आणता येतात, पण फाइल उचलून टाकण्यापेक्षा मजकूर चिकटवणं बरं. नव्या आवृत्तीचे टॅग जुन्याला कळतील याचा भरवसा नाही.

२१. आवृत्ती आली की लगेच घ्यावी, की पहिल्या पॅचची वाट बघावी?

ट्रायलमध्ये तुमचा अवघड प्रोजेक्ट पास झाला असेल तर वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. एखादाच दोष अडवत असेल तर तो कंपनीला कळवा, तो पुनरुत्पादित होईल असा लहानसा प्रोजेक्ट जोडा, आणि पॅच येईपर्यंत थांबा. तुमचा रिलीज तोंडावर असेल तर आवृत्ती कितीही चांगली असली तरी थांबा. सवलतीच्या दराची अंतिम तारीख जवळ आली म्हणून घाई होत असेल, तर परवाना आत्ता घ्या आणि अपग्रेड सावकाश करा. या दोन गोष्टी एकाच दिवशी करायचं बंधन नाही.

२२. मधल्या दोन-तीन आवृत्त्या गाळून थेट शेवटचीवर जायचं आहे. जमेल?

कधी जमतं, कधी मधल्या थांब्यावर उतरावं लागतं. खूप जुना साचा नवी आवृत्ती ओळखत नसेल तर मधली आवृत्ती मिळवून आधी तिच्यात अपग्रेड, मग पुढे. मधल्या आवृत्तीचा इन्स्टॉलर कंपनीच्या संकेतस्थळावर दिसत नसला तरी सपोर्टकडे मागितल्यावर मिळू शकतो. प्रत्येक टप्प्यावर आउटपुट काढून ताडा. सगळे टप्पे संपल्यावर एकदाच ताडलं तर बिघाड कुठे शिरला ते सापडत नाही.

२३. नवी आवृत्ती नको असं ठरलं. काढून टाकताना काय बघायचं?

जुन्या आवृत्तीचा इन्स्टॉलर आणि सिरियल नंबर हाताशी आहेत याची खात्री करून मगच अनइन्स्टॉल करा, कारण सामाईक घटक निघून जाऊन जुनी आवृत्ती दुरुस्त करावी लागू शकते. नंतर जुनी उघडा, एक आउटपुट काढा, वर्डची अ‍ॅड-इन चालते का ते बघा, फाइल असोसिएशन तपासा. स्वयंचलित अपडेट चालू असेल तर बंद करा, नाहीतर नाकारलेली आवृत्ती पुढच्या आठवड्यात स्वतःहून येऊन बसेल. ट्रायलची कॉपी पुसून टाका. तुलनेचे अहवाल आणि दोषांची यादी मात्र ठेवा, त्यापुढची आवृत्ती आली की तपासणी तिथूनच सुरू करता येते.